चहा : शून्य

आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, एकतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आणि पुढची नऊ वर्षं खुर्चीत बसून लोकांचे प्रबंध ऐकले. बसण्याची त्यांना इतकी सवय होती, की खड्ड्यात स्वामी त्यांची मान सरळ करत होते तेव्हा मला वाटलं, आता विचारतील, "सॅम्पल किती?"

त्यानंतर तेविसाव्या दिवशी मी नांदेडहून लातूरला आले, ती त्यांची खोली रिकामी करायला.

खोली गंजगोलाईच्या बाजारामागच्या बोळात, मल्लिनाथकाकांच्या पत्रे-पाइपांच्या दुकानावर. जिन्याशी अजून पाटी होती : 'प्रा. शिवमूर्ती हालकुडे, संशोधन व आकडेवारी सल्ला'. या पाटीमुळे सुरुवातीला दोन प्रकारचे लोक चुकून वर यायचे. एक मुलीची पत्रिका घेऊन, दुसरे मटक्याचा आकडा विचारायला. अप्पा दोघांनाही बसवून घ्यायचे. मटकेवाल्यांना शक्यता म्हणजे काय ते समजावून सांगायचे. त्यांतला एकही परत आला नाही, याचा अप्पांना अभिमान होता. माझ्या मते ते दुसऱ्या दुकानात गेले.

बाकी येणारे सगळे प्रबंधवाले. एम.डी. करणारे डॉक्टर, कृषीचे विद्यार्थी, बढतीसाठी पीएच.डी. उरकणारे प्राध्यापक. प्रत्येकाच्या पिशवीत लॅपटॉप आणि तोंडात एकच मागणी : "सर, पी व्हॅल्यू पॉइंट झीरो फाइव्हच्या खाली येऊ द्या." तेवढा एक आकडा खाली आला की गाइड खूश, परीक्षक खूश, घरचे खूश. फरक खरा आहे की नुसता योगायोग, हे तपासायला केलेला आकडा तो. आमच्याकडे त्याचं नवसात रूपांतर झालं आहे.

अप्पा म्हणायचे, "लॅपटॉप पिशवीतच ऱ्हाऊ द्या. अगुदर चहा घेऊ."

खालून काका चहा पाठवायचे. पहिल्या कपात माणूस पाठ केलेलं म्हणतो, असा अप्पांचा अनुभव होता. दुसऱ्यात गाइडची उणीदुणी काढतो. शेतात, वॉर्डात, गावात नेमकं काय झालं ते कुठं तिसऱ्यात निघतं. एका कृषीच्या मुलाने सोयाबीनची उंची मोजली होती आणि खताचा फार सुंदर परिणाम आला होता. तिसऱ्या कपाला कळलं, चिखल होता म्हणून त्याने बांधावरून हात पुरेल तेवढीच झाडं मोजली. एका डॉक्टरच्या अभ्यासात ऑपरेशननंतर कुणालाच दुखत नव्हतं. चौथ्या कपाला कळलं, की दुखतं का हे विचारणाऱ्या सिस्टर इतक्या कडक होत्या की हो म्हणायची कुणाची छाती नव्हती.

हे सगळं ते एका वहीत लिहायचे. नाव, विषय, आणि खरी अडचण कळेपर्यंत किती चहा लागले. 'चहा : ३.' 'चहा : ५, डोकं दुखलं.' 'चहा : २, मुलगी प्रामाणिक.'

माझंही शिक्षण याच खोलीत झालं. एम.एस्सी.च्या सुट्टीत मी कोपऱ्यात बसायचे. एकदा एका प्राध्यापकाला मी पाच मिनिटांत कोणती टेस्ट लावायची ते सांगून टाकलं. तो गेल्यावर अप्पा म्हणाले, "लई हुशार झालीस अंजू. त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलंस."

"मग काय चुकलं?"

"त्याचा प्रश्न तो न्हवताच की."

शिक्षा म्हणून महिनाभर मला पेन मिळालं नाही. नुसतं ऐकायचं. पुढच्या महिन्यात त्यांनी मला गोलाईत उन्हात उभं केलं. तासाभरात किती रिक्षा जातात ते मोजायचं होतं. चाळीस मिनिटं मी मोजल्या. मग रसवंतीत जाऊन बसले आणि उरलेल्या रिक्षा मनानेच लिहिल्या. अप्पांनी कागदावर एक नजर टाकली. "शेवटची वीस मिनिटं रिक्षा पाचा-पाचाच्या घोळक्यानंच आल्या व्हय?" मी खाली बघितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बरं झालं. आता सर्व्हे करणारी पोरं काय करतात ते तुला आतून कळलं. हे पुस्तकात न्हाई सापडत."

आता मी नांदेडच्या एका कॉलेजात तेच पुस्तक शिकवते.

मी कपाट उपसत होते आणि खालून काका ओरडत होते, "अंजे, खाली करायलीस का वाचत बसलीस? गुरुवारी पाइपाचा ट्रक यायलाय!" तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. चाळिशीच्या आसपासच्या एक बाई दारात उभ्या राहिल्या. घामाघूम. हातात प्लॅस्टिकची फाइल.

"अंजूताई ना? मी दीपमाला. गृहविज्ञान शिकवते, नांदेडला. तुम्ही पण नांदेडलाच ऱ्हाता म्हणे, अन् मी येडी तुम्हाला गाठायला लातूरला आले."

अप्पा गेल्याचं वाईट वाटलं, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि खरंच डोळे पुसले. मग फाइलमधून एक कागद काढला. प्रबंधाला जोडायचा दाखला. या संशोधनाचं विश्लेषण प्रा. शिवमूर्ती हालकुडे यांनी केलं आणि ते बरोबर आहे, असं त्यावर टाइप केलेलं. सहीची जागा रिकामी. खाली नवीन ओळ : 'करिता'.

"सरांनी सगळं करून ठेवलंय. सहीच तेवढी ऱ्हायली. तुम्ही संख्याशास्त्रातल्याच, तुमची चालते म्हणाले आमचे हणमंतराव सर. माझे गाइड. ताई, तीन आठवड्यांत प्रबंध द्यायचाय. मुदतवाढ पण संपली. या खेपेला न्हाई दिला तर नोंदणी रद्द. साडेसहा वर्षं."

"विषय काय होता?"

"शेवग्याच्या पाल्याची चटणी अन् बायकांचा रक्तदाब. भोकरच्या पलीकडं एक गाव हाय, तिथल्या तीस बायका. आठ आठवडे रोज चटणी. वरचा आकडा सरासरी अकरानं खाली आला, ताई! शेजारच्या वस्तीवरच्या तीस बायकांना चटणी न्हाई दिली, त्यांचा हाय तिथंच. पी व्हॅल्यू पॉइंट डबल झीरो थ्री!"

तो आकडा त्यांनी नातवाचं वजन सांगावं तसा सांगितला.

मी पेन काढलं. खरं सांगायचं तर सही करण्याइतकी मी थकले होते. अप्पांनी केलेलं काम तपासायची मला आयुष्यात कधी वेळ आली नव्हती. फक्त दाखल्यावर टाकायचा फाइल क्रमांक बघायला म्हणून मी वही उघडली. शेवटचं पान. अक्षर थोडं हललेलं, पण त्यांचंच.

'दीपमाला. शेवगा-रक्तदाब. पी = ०.००३. छान. चहा : ०.'

मागची पानं चाळली. नऊ वर्षांत शून्य कुठेच नव्हतं. या पानावर होतं, आणि त्याआधीच्या दोन नोंदींना चहाचा रकानाच नव्हता.

कारण मला माहीत होतं. शेवटचे पाच महिने अप्पांचं डायलिसिस चालू होतं. दिवसभरात पाणी, आमटी, चहा, सगळं मिळून एक लिटर. पहिल्याच आठवड्यात मी काकांना बजावून सांगितलं होतं : अप्पांसाठी चहा पाठवायचा नाही. काकांनी पाळलं. मला वाटायचं, अप्पा लोकांना पाजत असतील आणि आपण बघत बसत असतील. आपण न पिता समोरच्याला चहा पाजणं अप्पांना जमणार नाही, हे मला सुचलं नाही. त्यांनी सरळ लॅपटॉप उघडायला सांगितला असणार.

मी जिन्यातून ओरडले, "काका, वर दोन चहा!"

खालून काका म्हणाले, "दोन?"

"हो. दोन."

दीपमालाबाई म्हणाल्या, "चहा कशाला ताई, माझी दोनची गाडी हाय."

"पुढच्या गाडीनं जा."

पहिल्या कपात त्यांनी शेवग्याचे गुण सांगितले. जीवनसत्त्वं, खनिजं, आजीच्या काळातलं शहाणपण. मी मान हलवत राहिले. दुसऱ्या कपात हणमंतराव सर आले. साडेसहा वर्षांत त्यांनी सात वेळा विषयाचं शीर्षक बदललं होतं आणि एकदाही गावात पाय ठेवला नव्हता. चटणीत मीठ असतं, रक्तदाबाला ते बरं का, असं विचारलं तर बाई एकदम खाजगी आवाजात म्हणाल्या, "बिगरमिठाची केली होती अगुदर. एका म्हातारीनं, पार्वतम्मा नाव तिचं, माझ्यापुढंच कोंबडीला टाकली. कोंबडीनं पण न्हाई खाल्ली."

मी हसले. तेवीस दिवसांत पहिल्यांदा. त्याही हसल्या. तिसरा चहा आला.

"दीपमालाबाई, पहिलं माप कुठं घेतलं?"

"उपकेंद्रात. तिथं मशीन हाय, सिस्टर हायत."

"बायका यायच्या कशा?"

"मंगळवारी. मंगळवारी बाजार असतोय ना तिथं, उपकेंद्राच्या बाजूलाच. बाजाराला आल्या की सिस्टर हाक मारायच्या. न्हाईतर कोण येतंय हो मुद्दाम चालत."

"चालत येतात?"

"तीन किलोमीटर. डोक्यावर पाटी, भाजी विकायला. उन्हात. अन् मग दिवसभर गिऱ्हाइकासंगं भांडण." त्या फुंकून फुंकून चहा पीत होत्या. "एक बाई तर मापाचा पट्टा दंडाला असताना पण मेथीचा भाव करत होती."

"आणि आठ आठवड्यांनंतरचं माप?"

"ते म्या स्वतः घेतलं. घरोघर जाऊन. चटणी द्यायला जात होतेच की. आरामात, बाजेवर बसवून. बायका इतक्या मायेनं–"

त्यांनी कप बशीत ठेवला. गृहविज्ञानाच्या असल्या तरी बाई मूर्ख नव्हत्या.

"अन् शेजारच्या वस्तीवरच्या?" मी विचारलं. "चटणी न दिलेल्या?"

"त्या दोन्ही वेळा बाजारात." आवाज खाली गेला. मग एकदम वर आला. "पण सरांनी बघितलं होतं! सर म्हणाले छान! वहीत लिहिलंय ना तुमच्या?"

"लिहिलंय."

"मग?"

"त्यांनी विचारलं होतं का, माप कुठं घेतलं?"

"न्हाई. सरांची तब्येत... सर आकडेच बघत होते. मी पाणी पिऊ का विचारलं तर स्वतः उठून तांब्या दिला, अन् स्वतः एक घोट घेतला न्हाई." त्यांनी पदर तोंडाला लावला. "ताई, तुमच्या वडलांनी बरोबर म्हणलेलं तुम्ही चूक म्हणायल्या. लोक काय म्हणतील? मी प्रबंध त्यांनाच अर्पण केलाय. पहिलं पान छापून झालंय."

त्यांनी ते पानही दाखवलं. 'ज्यांच्या अचूक मार्गदर्शनाविना', आणि पुढे अप्पांचं नाव, त्याआधी कै. लावून.

'अचूक' या शब्दाकडे मी जरा जास्त वेळ बघितलं असेन. समोर पेन होतं. सही केली असती तर दीपमालाबाई डॉक्टर झाल्या असत्या, अप्पा अचूक राहिले असते आणि भोकरच्या पलीकडच्या बायका चटणी खात बसल्या असत्या. त्यातल्या एखादीने रक्तदाबाची गोळी बंद करून नुसत्या चटणीवर भरवसा ठेवला असता, एवढीच अडचण.

"काही बायकांनी गोळ्या सोडल्या का?" मी विचारलं.

बाईंनी छापलेलं पान फाइलमध्ये परत ठेवलं. मग म्हणाल्या, "दोघींनी. म्या न्हाई सांगितलं. त्यांच्या त्यांनीच."

"येत्या मंगळवारी मी येते," मी म्हटलं. "चटणी सोडून त्यांना सहा महिने झालेत. त्याच बायकांचं माप आधी बाजारात घेऊ, मग दोन दिवसांनी घरी. चटणी नाही, काही नाही. नुसत्या बाजारानं किती चढतो ते बघू."

"अन् तेवढाच चढला तर?"

"तर तुमचा प्रबंध बाजारावर आहे."

हणमंतराव सरांचा फोन रात्र होण्याआधीच आला. "मॅडम, निगेटिव्ह रिझल्ट म्हणजे विद्यार्थिनीचं नुकसान. मेलेल्या माणसाच्या कामात आपण काय हात घालायचा?" मी त्यांना बोलू दिलं. अप्पांनी महिनाभर पेन काढून घेतलं होतं त्याचा हा उपयोग. अकरा मिनिटांनी सर स्वतःच मुद्द्यावर आले : बाहेरचा परीक्षक फार खडूस आहे, तो काहीही विचारतो.

"त्यानं विचारलं, माप कोणत्या वारी घेतलं, तर काय सांगायचं?"

सरांनी प्रबंधाची पानं उलटल्याचा आवाज आला.

"करा काय करायचं ते," सर म्हणाले. "पण मुदतीत."

मंगळवारी मी आणि दीपमालाबाई एसटीने भोकरला आणि तिथून जीपने गेलो. तीसपैकी सत्तावीस बायका सापडल्या. दोघी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, एकीने माप द्यायला साफ नकार दिला. कारण मागच्या वेळी फोटो काढतो म्हणून काढला नव्हता. पार्वतम्मा वांग्याच्या ढिगामागे बसली होती. मी दंडाला पट्टा बांधला तर म्हणाली, "कोण गं तू? चटणीवालीची बहीण का?"

"हाव आजी, तसंच."

"चटणी आणली न्हाईस ना?"

"न्हाई."

"मग बांध."

यंत्र फुगत असताना एका गिऱ्हाइकाने वांग्यात किडा दाखवला. पार्वतम्माने त्याच्या बापापासून सुरुवात केली. पडद्यावरचा आकडा मी बघत होते. अप्पा असते तर टाळ्या वाजवल्या असत्या.

गुरुवारी आम्ही घरोघर गेलो. त्याच बायका, तेच यंत्र, बाजेवर टेकून. गुळाचा चहा प्रत्येक घरात. नको म्हणायची सोय नव्हती, आणि माप चहाच्या आधी घ्यायचं एवढं मी सांभाळलं. गोळ्या सोडलेल्या दोघींच्या घरी दीपमालाबाई जास्त वेळ बसल्या. मी ओसरीत थांबले. आतून त्यांचा आवाज येत होता : "माझं चुकलं, मावशी. गोळी चालू करा. सिस्टरकडं मीच घेऊन जाते." साडेसहा वर्षांत त्यांनी शिकलेली ही सर्वांत अवघड गोष्ट असावी. ती त्यांना कुणी शिकवली नव्हती.

परतीच्या एसटीत मी मांडीवर लॅपटॉप उघडला. नांदेडच्या अलीकडे उत्तर आलं. नुसत्या बाजाराने वरचा आकडा सरासरी दहाने चढत होता. चटणीच्या वाट्याला अकरातला एक उरला, आणि तो कुणाचाही असू शकत होता.

"एक तरी हाय ना?" बाईंनी विचारलं.

"त्या एकाला नाव देऊ नका."

त्यांनी मग पिशवीतून छापलेलं पहिलं पान काढलं, 'अचूक' या शब्दावर पेनने रेघ मारली आणि पान मला दिलं. "आता काय लिहू इथं?"

"काहीच नको. नुसतं मार्गदर्शन पुरे."

शेवटच्या आठवड्यात त्यांनी दोन प्रकरणं नव्याने लिहिली. मुदतीच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा लातूरच्या खोलीत बसलो. तोवर पाइपांचा ट्रक येऊन गेला होता. काकांनी पाइप भिंतीला लावून रचले होते आणि अप्पांचं टेबल मध्ये तसंच ठेवलं होतं. "आडवं येत न्हाई ते," एवढंच ते म्हणाले. खरं तर टेबल चांगलंच आडवं येत होतं. मला पाइपांवर पाय टाकून खुर्चीपर्यंत जावं लागलं.

दाखला मी स्वतः टाइप केला. या माहितीचे पहिले विश्लेषण प्रा. शिवमूर्ती हालकुडे यांनी केले. मोजमापाची जागा आणि वार विचारात न घेतल्यामुळे ते चुकीचे होते. पुन्हा मोजमाप करून दुसरे विश्लेषण मी केले आहे.

दीपमालाबाईंनी दोनदा वाचलं. "ताई, 'चुकीचे' ऐवजी 'अपूर्ण' म्हणलं तर? सरांचं नाव हाय."

कोपऱ्यातली माझी जुनी खुर्ची पाइपांखाली गेली होती, तिचे दोन पाय दिसत होते. दुसऱ्याच्या प्रबंधात असा गुळमुळीत शब्द आला की अप्पा त्याच्याभोवती गोल करून समासात लिहायचे : 'म्हणजे काय?'

"चुकीचेच राहू द्या," मी म्हटलं आणि सही केली. 'करिता' न लिहिता.

मग वही उघडली. शून्य तसंच ठेवलं. त्याच्या खाली तारीख घातली आणि चहा मोजू लागले. इथले तीन. गावातल्या घरांतले सत्तावीस.

"तीस," बाई म्हणाल्या. "सॅम्पल बरंय."

जिन्याखालून काकांनी विचारलं, "अंजे, काय पाठवू का वर?"

"दोन पाठवा," मी सांगितलं. "आणि काका, उद्या सकाळी एक कृषीवाला येणार आहे. त्याला बसायला पाइप थोडे सरकवावे लागतील."